नागावच्या बिजलीच्या पोटातली वाळू: एका घोडीचं पूर्ण प्रकरण

बिजली ही नागाव बीचवरची घोडी. रंगाने कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा, देशी बांधा, दातांवरून वय साधारण 9 वर्षं. सकाळी पर्यटकांना पाठीवरून फिरवायचं आणि दुपारनंतर घोडागाडीला लागायचं, हे तिचं सीझनमधलं काम. तिचं प्रकरण एवढं सविस्तर लिहितोय कारण आपल्या किनाऱ्यावर घोड्याचं पोट दुखलं की "गॅस झाला" म्हणून इंजेक्शन मारलं जातं, घोडा उठतो, दुसऱ्या दिवशी परत कामाला लागतो, आणि नक्की का दुखलं होतं ते कुणी बघत नाही, कुठे लिहूनही ठेवत नाही. आता जे लिहिलंच जात नाही त्यावर संशोधन करणारा माणूस करणार तरी काय?

मी अलिबाग तालुक्यात प्रॅक्टिस करतो. रोजचं काम गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांचं, पण दिवाळी ते मे घोड्यांचे फोन येतच राहतात आणि त्यातले बरेचसे पोटदुखीचेच असतात.

नाताळच्या सुट्टीतली संध्याकाळ होती, बीचवर पाय ठेवायला जागा नाही, आणि घोडीच्या मालकांचा फोन आला (सगळे त्यांना काकाच म्हणतात, मीही इथे काकाच म्हणतो) की डॉक्टर लवकर या, घोडी बसतेय उठतेय, मूत अडकलंय. पोहोचलो तेव्हा ती मान वळवून स्वतःची कूस बघत होती, पुढच्या पायाने वाळू उकरत होती आणि मधूनच चारी पाय लांबवून लघवीला उभं राहिल्यासारखी करत होती. हे असं अंग ताणणं बघूनच घोडेवाले मूत अडकलं म्हणतात. पण पोटात कळ आली की घोडा अंग ताणतोच, आणि खरं दुखणं बहुतेक वेळा आतड्याचं असतं, मूत्राशयाचं नाही. कुणीतरी गरम तेलात ओवा, हिंग, काळं मीठ कालवून बाटली भरून आणलीही होती, काकांनी ती पाजू दिली नव्हती हे फार बरं झालं, कारण कळा सोसणाऱ्या घोड्याची मान वर करून तेल ओतलं आणि ते फुप्फुसात गेलं तर पोट राहतं बाजूला आणि घोडा न्यूमोनियाने जातो. आणि घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात जे गेलं ते मागच्याच बाजूने बाहेर पडणार, एवढी एक गोष्ट प्रत्येक घोडेवाल्याला माहीत असायलाच हवी.

नाडी मिनिटाला 56 लागली. निवांत घोड्याची 28 ते 44 च्या मधे असते, म्हणजे दुखणं होतं पण हाताबाहेर गेलेलं नव्हतं. ताप नाही, हिरड्या गुलाबी पण जराशा कोरड्या. कुशीत आतड्याचे आवाज डाव्या बाजूला कमी. आता इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आतड्यात वाळू साठली असेल तर ती जड असल्याने खाली बसते, म्हणून स्टेथोस्कोप कुशीवर नाही तर छातीच्या हाडाच्या मागे, पोटाच्या अगदी तळाला टेकवायचा आणि चार-पाच मिनिटं शांत थांबायचं. आतडं हललं की वाळू सरकते आणि किनाऱ्यावर लाट पसरावी तसा आवाज येतो, पुस्तकातही त्याचं वर्णन असंच आहे. पण आमच्या पाठीमागे खरीच लाट फुटत होती, वर डीजे आणि जेट-स्कीचा गोंगाट, त्यात काय ऐकू येणार. म्हणून घोडीला सुरूच्या बनामागे वाडीत नेलं, सगळ्यांना गप्प बसवलं आणि मग ऐकलं. आवाज स्पष्ट होता. मागून हात घालून तपासलं तर लीद थोडीच होती, सुकी, आणि बोटांच्या चिमटीत चोळली तर कचकच लागत होती.

वजनकाटा नव्हता म्हणून टेप लावला. छातीचा घेर 148 सेंटीमीटर, खांद्यापासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंत लांबी 140. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे साधारण 258 किलो. हा हिशोब करायचा कंटाळा कुणी करू नये. आपल्याकडच्या लहान चणीच्या घोड्यांना पुस्तकातल्या 500 किलोच्या घोड्याचा डोस अंदाजे अर्धा करून दिला जातो, आणि अंदाज चुकला की किंमत मूत्रपिंडं मोजतात.

नाकातून पोटात नळी घातली, उलट पाणी आलं नाही म्हणजे जठर तुंबलेलं नव्हतं. कळ कमी करायला वजनाप्रमाणे फ्लुनिक्सिन एकदाच दिलं, पाणी दिलं, आणि काकांना सरळ सांगितलं की रात्रीतून नाडी वर गेली किंवा इंजेक्शनचा असर असतानाच परत लोळायला लागली तर हे माझ्या हातातलं काम राहणार नाही, मुंबई किंवा पुण्याला ऑपरेशनसाठी न्यावं लागेल, आणि त्याचा खर्च घोडीच्या किमतीपेक्षा जास्त होईल. काका काही बोलले नाहीत, नुसती तिची आयाळ सारखी करत राहिले.

मग विचारलं, असं आधी कधी झालं होतं का. झालं होतं, दिवाळीपासून दोनदा. दोन्ही वेळा कुणीतरी येऊन दुखणं थांबायचं इंजेक्शन देऊन गेलं, चिठ्ठी नाही, औषधाचं नाव नाही, काही नाही. म्हणजे गेले दोन महिने एकच आजार चालू होता आणि प्रत्येक वेळी तो नवा समजून दाबला जात होता.

वाळूची पोटदुखी जगाला नवीन नाही. फ्लोरिडा, कॅलिफोर्नियासारख्या रेताड भागातल्या घोड्यांमधे ती नेहमीची आणि त्यावर तिथे बरंच काम झालंय. गंमत म्हणजे त्यातलं मुख्य औषध आपल्या शेजारचं आहे, इसबगोल. गुजरातमधल्या उंझाची इसबगोलाची बाजारपेठ जगात मोठी, तिथूनच तो सगळीकडे जातो. इसबगोल पाण्यात फुगतो, बुळबुळीत होतो, वाळूला धरून बाहेर काढतो असं सगळे मानत आले आणि ऐकायलाही पटतं. पण 1998 मधे अमेरिकेत पोनींच्या आतड्यात मोजून वाळू घालून तपासलं तेव्हा नुसत्या इसबगोलाने वाळू लवकर बाहेर पडली असं दिसलं नाही. मग 2014 मधे फिनलंडमधल्या लोकांनी, आधीच वाळू साठलेल्या 34 घोड्यांचे तीन गट केले, एकाला नुसता इसबगोल, दुसऱ्याला नुसतं मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे आपलं एप्सम सॉल्ट, तिसऱ्याला दोन्ही, रोज नळीने, 4 दिवस, आणि एक्स-रे काढून बघितलं. नुसत्या इसबगोलावर 12 पैकी 3 घोडे साफ झाले, नुसत्या सल्फेटवर 10 पैकी 2, आणि दोन्ही एकत्र दिलेल्यांमधले 12 पैकी 9. संशोधन म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो, की सगळ्यांना पटलेली गोष्ट मोजून बघितली तेव्हा अर्धीच खरी निघाली, आणि त्या मोजण्यामुळेच नागावच्या एका घोडीला काय द्यायचं हे मला त्या रात्री माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिजली उभी होती, नाडी 44 वर आलेली. किलोला 1 ग्रॅम इसबगोल आणि 1 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे दोन्ही अडीचशे ग्रॅमच्या आसपास, गार पाण्यात भराभर ढवळून नळीने. भराभर याचसाठी की जरा रेंगाळलात तर बादलीतच खळ होते आणि नळी चोंदते. हे घरी करायचं काम नाही, हे ठळकपणे सांगतो, नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर घोडा तिथल्या तिथे जाईल, आणि पाणी कमी झालेल्या किंवा मूत्रपिंड बिघडलेल्या घोड्याला सल्फेट परत परत देणं धोक्याचं. म्हणूनच मला तिचं रक्तही तपासायचं होतं, आणि तिथे गाडी अडली.

काका म्हणाले, लीद हवी तेवढी न्या डॉक्टर, पण रक्त नाही देणार.

त्यांच्या नकारामागे दोन कारणं होती आणि दोन्ही खरी होती. पहिलं म्हणजे ग्लँडर्सची भीती. हा घोड्यांचा जिवाणूजन्य आजार, माणसालाही होतो, आणि तपासणीत घोडा पक्का पॉझिटिव्ह निघाला तर कायद्याने त्याला मारावं लागतं. सरकारी भरपाई असते, पण ज्याचं घर एका घोडीवर चालतं त्याला भरपाईचा कागद काय दिलासा देणार. "रक्त नेलं की घोडा गेला" हे घोडेवाल्यांमधे पक्कं बसलंय. दुसरं कारण जास्त लागणारं आहे. काही वर्षांपूर्वी कुणीतरी येऊन बीचवरच्या घोड्यांचं रक्त घेऊन गेले होते, नावं लिहून घेतली, फोटो काढले, आणि परत कधीच कुणी आलं नाही, काय निघालं ते कुणालाच कळलं नाही. काका म्हणाले, आमच्या घोडीच्या रक्ताचं काय झालं हे आम्हाला नको कळायला? यावर माझ्याकडे कसलाही बचाव नाही. नमुना नेणाऱ्याने निकाल परत आणून मालकाला समजेल अशा भाषेत सांगितलाच पाहिजे, हा उपकार नाही, ही उधारी आहे, आणि ती न फेडणाऱ्या एका माणसामुळे पुढच्या दहा जणांना दार बंद होतं.

मी काय केलं तर मायक्रोस्कोप गाडीत घालून वाडीतच घेऊन गेलो. काकांना सांगितलं की दोनच गोष्टी बघायच्यात, रक्त किती पातळ झालंय, म्हणजे लाल पेशी कमी झाल्यात का, आणि सर्रा आहे का. पावसाळ्यानंतर गोमाश्या वाढतात आणि त्यांच्या चावण्यातून सर्राचा जंतू एका जनावरातून दुसऱ्यात जातो, ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, खाऊनपिऊन घोडा वाळत जातो. बिजलीच्या बरगड्या दिसत होत्या, त्यामुळे ती शंका घेणं भागच होतं. ग्लँडर्सची तपासणी यात नाही, ती वेगळ्या ठरलेल्या लॅबमधे होते, आणि तशी लक्षणं दिसली असती तर तेही मी तोंडावर सांगितलं असतं कारण कायद्याने मला ते लपवता येत नाही, तुमच्या घरातल्या माणसांसाठीही ते लपवणं बरं नाही. एवढं ऐकल्यावर त्यांनी घोडी धरली. एक थेंब काचेवर घेतला, आणि काकांना आणि त्यांच्या नातीला लेन्समधून बघायला दिला. सर्रा असता तर लाल पेशींच्या मधे काहीतरी वळवळताना दिसलं असतं. वळवळ नव्हती. एका थेंबात दिसलं नाही म्हणजे नाहीच असं होत नाही, म्हणून रंगवायची काचही करून घेतली, तीही स्वच्छ निघाली. रक्त मात्र पातळ झालेलं होतं.

काकांच्या नातीने तेव्हा विचारलं की हा सर्रा कुणी शोधला. तिला सांगितलं ते इथेही लिहितो. 1880 मधे ग्रिफिथ एव्हान्स नावाच्या लष्करी पशुवैद्याला आता पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माईल खान भागात मरणाऱ्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात हा जंतू दिसला, त्यावेळी एवढा बारका जीव एवढं मोठं जनावर मारतो हे त्याच्या वरिष्ठांना पटत नव्हतं. पुढे 1889 मधे पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली, तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड, आणि घोड्यांचा सर्रा हा त्यांचा मोठा विषय. तीच लॅब पुढे आजच्या उत्तराखंडमधल्या मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था झाली. म्हणजे आपल्या देशातलं जनावरांच्या रोगांवरचं संस्थेतलं संशोधन महाराष्ट्रात सुरू झालं आणि त्यात घोडा अगदी पुढे होता. आणि हे फक्त घोड्यापुरतं राहत नाही. 2004 मधे चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला येऊन-जाऊन ताप यायचा, त्याच्या रक्तात हाच जंतू सापडला, माणसात पक्की झालेली ही पहिली नोंद. नंतर कळलं की इतर माणसांच्या रक्तात या जंतूला मारणारं एक प्रथिन असतं, एपीओएल 1, ते त्याच्या रक्तात नव्हतं. आपल्याला सर्रा का होत नाही याचं उत्तर असं मिळालं, तेही एका शेतकऱ्याने रक्त दिलं म्हणून.

आज घोड्यांसाठी देशात हरयाणातल्या हिसारला राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र आहे, 1985 पासून. घोड्यांचा फ्लू 1987 मधे आणि परत 2008-09 मधे आला तेव्हा त्यांच्या कामाचा उपयोग झाला. पण एक बघा, 2019 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून जेमतेम 3.4 लाख, आधीच्या 2012 च्या गणनेपेक्षा 45 टक्क्यांहून जास्त घट, आणि गाईबैल 19 कोटींवर. पैसा कुठे जाणार हे उघड आहे आणि त्यात कुणाचा दोष नाही. म्हणून तर किनाऱ्यावरच्या घोड्याची माहिती किनाऱ्यावरच जमवली पाहिजे, हिसारहून कुणी येऊन नागावच्या लिदीत वाळू किती ते बघणार नाही.

ती बघितली काकांच्या नातीने. पोरगी बारावी सायन्सला, आजोबांच्या घोडीची लीद बघायची म्हटल्यावर नाक मुरडेल असं वाटलं होतं, पण तिने एवढं नेटकं काम केलं की मी थक्क झालो. नेहमीची पद्धत अशी की लिदीचे पाच-सहा गोळे लांब प्लास्टिकच्या हातमोज्यात घालायचे, लिटरभर पाणी ओतायचं, कालवायचं, बोटं खाली ठेवून लटकवायचं, पंधरा-वीस मिनिटांनी वाळू बोटांमधे बसते. पण बीचवर एक अडचण येते जी परदेशातल्या पुस्तकात कुणी फारशी सांगत नाही, लीद पडते तीच वाळूत, मग आतड्यातली वाळू कुठली आणि खालची कुठली? म्हणून ठरलं की सकाळी घोडी लीद टाकायच्या तयारीत आली की मागे गोणपाट धरायचं आणि वरचेच गोळे उचलायचे. शेपटी उचलली की नात पळत सुटायची.

मोज्यात नीट मोजता येत नाही म्हणून तिने पाण्याची रिकामी बाटली घेतली, बूड कापलं, झाकण घट्ट लावून उलटी टांगली. सगळी वाळू गळ्यात बसते आणि बाहेरून मार्करने रेघ मारता येते. वरचं पाणी हलकेच ओतून खालची वाळू वर्तमानपत्रावर उन्हात सुकवायची, पुडी बांधायची, तारीख घालायची. वहीत रकाने पाडले: तारीख, लीद किती वेळा, वाळूची रेघ, काय खाल्लं, किती वेळ बीचवर, पोट दुखलं का, औषध काय. पहिल्या दिवशी रेघ झाकणाच्या जरा वर. दुसऱ्या दिवशी तेवढीच. तिसऱ्या दिवशी बाटलीचा गळा पूर्ण भरून वर चढली, करडी काळसर बारीक वाळू, त्यात शिंपल्यांचे कण, मक्याच्या कणसाची केसरं आणि एक निळा प्लास्टिकचा तुकडा. चौथ्या दिवशीही भरपूर. मग हळूहळू उतरली. चौथा डोस झाला तेव्हा पोटाच्या तळाचा तो आवाज मला ऐकू आला नाही.

वाळू कमी दिसली म्हणजे आतडं रिकामं झालं असं छातीठोक सांगता येत नाही, लिदीतली वाळू आणि आत साठलेली वाळू यांचा मेळ दर वेळी बसत नाही, एक्स-रे हाच पक्का पुरावा आणि तो काढणं इथे शक्य झालं नाही. पण एक लहान तुलना आम्हाला आयती मिळाली. काकांच्याच वाडीत दुसरा एक म्हातारा घोडा आहे, आता कामाला जात नाही, त्याला टबात खायला मिळतं. त्याच्या बाटलीत चिमूटभर. दोन घोड्यांवरून काही सिद्ध होत नाही हे खरं, पण कुठे बघायचं ते कळतं.

नातीने मग एक रविवार बीचवर बसून बिजलीचं तोंड वाळूला कधी-कधी लागतं ते लिहून काढलं. सकाळी भिजवलेले चणे आणि भुसा तोबऱ्यात मिळतो, तिथे काही चूक नाही. पण त्यानंतर दोन सवाऱ्यांच्या मधे पेंढ्याची पेंडी किंवा हिरवं गवत सरळ वाळूवर टाकलं जायचं, शेवटच्या काड्या घोडी ओठाने शोधून शोधून खायची आणि प्रत्येक काडीबरोबर वाळू. पर्यटक गाजर, कणसं टाकायचे तीही वाळूत. गर्दीच्या दिवशी दुपारी पाच-सहा तास तोंडात काहीच नाही, मग भुकेलेलं जनावर वाळू हुंगत चाटत राहायचं. आणि रात्री वाडीत बांधायची ती जागाही पुळणीची, भुसभुशीत. म्हणजे चोवीस तास वाळूच.

उपाय फार साधे निघाले आणि ते मी सांगितलेले नाहीत, काकांनी आणि शेजारच्या कोळी दादांनी मिळून काढले. जुन्या मासेमारीच्या जाळ्याची पिशवी शिवली, तीन-चार बोटं जातील एवढ्या आसाची म्हणजे भोकांची, त्यात पेंढा भरून घोडागाडीच्या मागच्या दांडीला बांधायचा. घोडी हळूहळू ओढून खाते त्यामुळे दुपारभर तोंड चालू राहतं, पोट रिकामं राहत नाही. मी त्यात एवढीच भर घातली की जाळं छातीच्या उंचीला बांधा, रिकामं झालं तरी गुडघ्यापर्यंत लोंबायला नको, नाहीतर खूर अडकून पाय मोडेल. वाडीतल्या जागेवर कोबा करून घेतला. गर्दीच्या दिवशी नात गाडीला पुठ्ठा लावते, "गाजर द्यायचं तर बादलीत टाका". लोक ऐकतात, लहान मुलांना तर बादलीत टाकायला जास्त मजा वाटते. इसबगोल रोज देत नाही, रोज दिला तर आतड्यातले जिवाणू तो पचवायला शिकतात आणि उपयोग जातो असं मानतात, म्हणून महिन्यातून एक आठवडा, तोही लीद तपासून.

मार्चपर्यंत बिजलीला परत कळ आली नाही, अंग भरलं, छातीचा घेर वाढला, रक्ताचा पातळपणाही सुधारला. सगळं वाळू गेल्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, खाणंही सुधारलं, जंताचं औषधही झालं, एका घोडीत हे सगळं वेगळं करता येत नाही.

इथपर्यंत ही एका घरची गोष्ट होती. मग परळच्या व्हेटरनरी कॉलेजमधे (1886 पासूनचं, मी तिथलाच) शिकणाऱ्या एका पोस्ट-ग्रॅज्युएट विद्यार्थिनीला मी वही आणि पुड्या दाखवल्या आणि ती नागावला आली. येण्याआधी मी तिला एक अट घातली, मालकांशी बोलायचा कागद मराठीत हवा आणि त्यात काय घेणार, कशासाठी, निकाल कधी आणि कोण सांगणार, हे सगळं असलं पाहिजे, आणि नको म्हणायचा हक्कही. तिने तो एका पानात लिहिला. काकांनी बाकीच्या घोडेवाल्यांना गोळा केलं. सगळे तयार झाले नाहीत. काहींनी लीद देतो म्हटलं, रक्त नाही, ते तसंच लिहून घेतलं आणि कुणी आग्रह केला नाही. एका दादांनी स्पष्ट विचारलं की माझा घोडा मेला तर तुम्ही फाडून बघणार का? ती म्हणाली, तुम्ही परवानगी दिलीत तरच, आणि आत काय निघालं ते तुम्हाला तिथेच दाखवणार. दादा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, मेल्यावर तरी कळू दे कशाने जातात ते. मरणोत्तर तपासणीला मालकाने होकार देणं ही संशोधनाला मिळणारी मोठी मदत असते, पैशापेक्षाही मोठी, कारण आतड्यात नक्की कुठे आणि किती वाळू बसते हे जिवंत घोड्यात आपण फक्त अंदाजाने सांगतो.

विद्यार्थिनीने कॉलेजला जाऊन मिळालेले निकाल एका पानावर मराठीत लिहिले, परत नागावला आली आणि प्रत्येक मालकाला त्याच्या घोड्याचं पान हातात दिलं. ज्यांनी आधी नाही म्हटलं होतं त्यातले दोघं-तिघं तेव्हा पुढे आले.

त्याच बैठकीत काकांनी एक प्रश्न टाकला. म्हणाले, भूक असते हे ठीक, पण पोट भरलेला घोडासुद्धा ओली वाळू चाटतो, ती खारट असते म्हणून चाटतो का? घामातून घोड्याचं मीठ भरपूर जातं, आपल्या दमट हवेत तर जास्तच, आणि पेंढ्यात सोडियम नावालाच. त्यामुळे प्रश्न अगदी बरोबर जागी लागलाय. येत्या सीझनला तेच बघायचं ठरलंय. अर्ध्या घोड्यांना कामाच्या आधी मिठाचा दगड चाटायला ठेवायचा, अर्ध्यांना नाही, दोन्हीकडे जाळ्यातूनच पेंढा आणि पाणी हवं तेवढं, महिन्याने बाजू बदलायच्या, आणि बाटलीतली रेघ मोजणाऱ्याला कुठला घोडा कुठल्या गटात ते सांगायचं नाही. मोजणारी नातच. रकाने पाडलेल्या वह्या तिने आत्ताच करून ठेवल्यात, पावसाळ्यात घोडे बसून असतात तेव्हाची लीदही ती तपासतेय, म्हणजे सीझन सुरू व्हायच्या आधीची प्रत्येक घोड्याची रेघ हातात असेल.